सरांनी दिलेलं पुढचं चाक

सरांनी सायकलची ती चाकं जुन्या चादरीत गुंडाळून आणली. आमच्या दुकानाच्या काउंटरवरच्या बियाण्यांच्या पिशव्या बाजूला सारून त्यांनी चादर उघडली. वडील म्हणाले, "वा!" मी वाकून पाहिलं. काळ्या कार्बनच्या, हातभर उंच वाटणाऱ्या त्या रिमवर कंपनीचं नाव तीन ठिकाणी चिकटवलेलं होतं. पुढच्या चाकावरची दोन स्टिकरं उन्हानं फिकी पडली होती. तिसरं कोरं करकरीत होतं.

पुसदला आमचं कृषी केंद्र आहे. शाळेतून आले की मी काउंटरमागे बसून अभ्यास करायचे, आणि कानावर सतत एकच शब्द पडायचा, बोगस. बोगस बियाणं, बोगस खत. नवा माल आला की वडील आधी पिशवीच्या तोंडाची शिवण बघतात, मग छापलेल्या अक्षरांच्या कडा. सगळं ठीक वाटलं तरी सोयाबीनचे मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवतात ते पाहूनच पिशव्या विकायला काढतात. त्यामुळे आमच्या घरात मोबाइल येवो, भाडेकरू येवो की माझ्यासाठी एखादं स्थळ, वडिलांचा प्रश्न ठरलेला असतो, "उगवण पाहिली का?"

सरांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. मी नववीत असल्यापासून सर मला सायकलिंग शिकवत होते, एक पैसा न घेता. इंग्रजी शाळेतली, कुणाशी न बोलणारी मुलगी वेळेविरुद्धच्या शर्यतीत बरी पळेल, हे त्यांनीच ओळखलं. या शर्यतीत एकेकाला वेगळं सोडतात. शेजारी कुणी नसतं, फक्त रस्ता आणि घड्याळ. मला ते आवडायचं. पण माझी चाकं साधी, ॲल्युमिनियमची होती. उंच रिमची कार्बनची चाकं वारा कापतात. शर्यतीच्या सकाळी कुणाच्या सायकलला ती दिसली की आमचं तोंड तिथंच उतरायचं.

"माही आता उमर झाली," सर म्हणाले. "तू चालव. निवड चाचणीत घाटातून खाली येशीन त वारा बी मांगं राहीन."

"पण सर, फुकट कायले देता?" वडिलांनी विचारलं.

"पोरगी राज्यावर गेली का वसूल झाले समजा."

निघताना त्यांनी मला सांगितलं, उतारावर ब्रेक जास्त दाबून धरू नको. चहा पिताना सांगून झालं होतं. गाडीला किक मारतानाही पुन्हा सांगितलं. मला आठवलं, मागच्या हिवाळ्यात सर कोपराला पट्टी बांधून आले होते. बाथरूममध्ये घसरलो म्हणाले. त्यानंतर त्यांची शर्यतीची सायकल मी बाहेर पाहिली नव्हती.

ज्या माणसानं मला घडवलं त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे आपलंच मन आपल्याला ओंगळ वाटतं. तरी दुपारी मी गच्चीवर बसून ओल्या फडक्यानं ते नवं स्टिकर भिजवलं आणि नखानं सोलत गेले. खाली तडा असणार याची मला खात्री होती. तडा नव्हता. गुळगुळीत, स्वच्छ काळी रिम होती. माझे कान तापले. स्टिकर पुन्हा दाबून बसवलं, पण त्याचा एक कोपरा उचललेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकं लावून गावाबाहेरच्या उतारावर गेले. सायकल खरंच वाऱ्यासारखी निघाली. मी स्वतःवरच हसत होते. मग ब्रेक दाबला. बोटाखाली लिव्हरनं हलकी लाथ मारली. चाक फिरलं, पुन्हा लाथ. प्रत्येक फेरीला एकदा, त्याच जागी.

उतरून रिमवर बोट फिरवलं. जिथं ब्रेकचं पॅड घासतं त्या पट्टीवर, स्टिकरपासून वीतभर पुढं, भाजल्याचा फोड बसल्यावर राहतो तसा एक उंचवटा होता. डोळ्यांना दिसत नव्हता. कार्बन लांब उतारावर ब्रेकच्या उष्णतेनं मऊ पडतो, आतले थर सुटतात आणि एक दिवस रिम फाटते. हे मी परदेशी व्हिडिओंमध्ये पाहिलं होतं. फाटण्याच्या वेळी सायकल कोणत्या वेगात असते, तेही.

"मग विचार त्याईले," घरी आल्यावर सगळं ऐकून वडील म्हणाले.

"तुम्ही विचारा ना."

"मायबाई, त्यावर मी बसनार हावो का?"

मी सरांना विचारलं नाही. मी हलकी आहे, एवढ्या उंच चाकाला बाजूचा वारा लागला की हँडल ओढलं जातं, असं सांगून चाकं परत दिली. हेही खरं होतं. सरांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"वाराच ना? का आनखी काही?"

"वाराच, सर."

"तुहा स्वभाव लय शक्की हाय, पोरी," ते हसून म्हणाले आणि चादर बांधू लागले.

निवड चाचणी महागावकडच्या रस्त्यावर होती. कापसाचे ट्रक सुरू व्हायच्या आत, सकाळीच. आधी ज्युनिअर मुली, मग आम्ही. सरांकडे नवीनच येऊ लागलेली अकरावीतली एक मुलगी खडूनं आखलेल्या रेषेजवळ टायरमध्ये हवा भरत होती. तिची ही पहिलीच शर्यत.

"ताई, पा ना! सरनं देल्लं. कशी दिसून राह्यली माही सायकल?"

पुढच्या चाकावर कंपनीचं नाव तीनदा होतं. एका स्टिकरचा कोपरा उचललेला होता.

"छान," मी म्हणाले.

रस्ता मी आदल्या दिवशी पाहिला होता. लांब उतार, आणि त्याच्या तळाशी पुलाचं वळण. तिथं ब्रेक दाबावाच लागतो. सर गळ्यात स्टॉपवॉच अडकवून चार पावलांवर उभे होते. माझ्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत तयार झालं, नीट, नम्र, आणि तिथंच राहिलं. बाहेर पडलं ते वेगळंच, आणि मोठ्यानं.

"सर, थे चाक लावू नका! त्याले फुगा आला हाय!"

सगळे वळून बघायला लागले. मागून एक पोरगा म्हणाला, "ताईले भेव वाटून राह्यलं. लहान पोरगी तिच्याहून भारी टाइम मारन ना!" दोघंतिघं हसले.

"तू त वारा म्हनत होती," सर म्हणाले.

"वारा बी होता. फुगा बी हाय. बोट लावून पा."

सर खाली बसले. त्यांनी चाक हळू फिरवलं आणि पट्टीवर बोट टेकवलं. पहिल्याच फेरीत बोट त्या जागेवर थांबलं. उंचवटा सहज लागण्यासारखा होता म्हणून थांबलं, की जागा आधीच माहीत होती म्हणून, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

"म्हंजे मी पळू नको का?" मुलगी रडायच्या बेताला आली. तिच्याआधी दोनच नंबर उरले होते. तिचं जुनं चाक घरी होतं. मी माझ्या सायकलचं पुढचं चाक काढलं. सरांनी तिचं काढलं, माझं बसवलं, पिशवीतून ॲल्युमिनियमला चालणारी ब्रेकची पॅडं काढून लावली आणि तार आवळली.

ती गेली. पुढच्या चाकाविना माझी सायकल मी हातात धरून उभी राहिले. तिला काटा लागला, ती पडली किंवा तिला नुसता उशीर झाला, तरी माझी निवड तिथंच संपणार होती. सर शेजारी येऊन उभे राहिले. आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत होतो.

"मी बी त्याच चाकावर चालवत होतो, पोरी," ते म्हणाले. त्यांचा एक हात दुसऱ्या हाताच्या कोपरावर होता.

मी मान हलवली. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं का, कळलं नाही. प्रश्न मी विचारलाच नव्हता.

मुलगी परत आली ती घामानं निथळत, हसत. चाक काढून माझ्या हातात देताना म्हणाली, "काटाबिटा नाही लागला, ताई." मी तरी टायरवरून तळवा फिरवला, रिमवर बोट फिरवलं.

"हौ का! आता माह्यावर बी शक?"

"तुह्यावर नाही," मी म्हणाले आणि पुन्हा एकदा फिरवलं.

चाक बसवून झालं तोच माझा नंबर पुकारला. या शर्यतीत दोन्ही पाय आधीच पेडलवर अडकवायचे असतात, म्हणून मागून कुणीतरी सीट धरून ठेवतं. सर आले आणि त्यांनी नेहमीसारखी सीट धरली. मी एक पाय अडकवला. दुसरा जमिनीवरून उचलायला मला थोडा वेळ लागला. मग तोही उचलला. उलटमोजणी संपेपर्यंत माझं एक बोट मात्र ब्रेकवरच होतं.