बाईजाची कढई आणि जिवलीचं कोपर

माझी आजी बाईजा टोकावड्याच्या आसपासच्या चार वाड्यांतली तान्ही पोरं न्हाऊ घालायची. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं, तिनंच ते आपल्याकडे ओढून घेतलं होतं. दुसऱ्या कुणी पोर पायावर घेतलं की तिच्या कपाळाला आठी पडे. हट्टी होती, आणि माझ्यावर तिचा फार जीव होता. दोन्ही खरं.

पोरांचं पाणी ती चुलीवर तापवत नसे. डहाळ्या, पालापाचोळा सगळा भाताच्या रोपांची जमीन भाजायला, राबाला जाई, उरलेलं सरपण पावसाळ्यासाठी रचून ठेवायचं, आणि राखीव रानात कोयता घेऊन शिरलं की जंगलाचा शिपाई हजर. म्हणून काजळीनं काळी झालेली लोखंडी कढई सकाळीच अंगणात उन्हात जाई. दुपारी पाणी कोमट झालेलं असे. उन्हातल्या पाण्यानं पोरांची हाडं घट्ट होतात, असंही ती छातीठोक सांगे. थंडीत मात्र ते पाणी काही केल्या लवकर तापत नसे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या माघातली गोष्ट. माझा बाप वाळू शहापूरला लाकडाच्या वखारीत कामाला होता. तिथल्या खिडकीची काढून टाकलेली काच त्यानं घोंगडीत गुंडाळून एवढ्या लांब आणली आणि कढईवर ठेवली. पाणी अर्ध्या वेळात तापलं. आजीनं ती काच वाडीतल्या प्रत्येकाला बोलावून दाखवली. जसा काही सूर्य तिनंच घरात बांधून ठेवला होता!

चैत्रात मी जन्मले. आठव्या महिन्यातली, मूठभर. कढईवर तीच काच, ऊन मात्र माघातलं नव्हतं. बाराव्या दिवशी आजी पाय पसरून दगडावर बसली, मला पायावर आडवं घेतलं, तांब्या भरला आणि पाण्यात बोटं बुडवून म्हणाली, "चांगलं हाय."

आता तिची बोटं म्हणजे काय? चाळीस वर्षं तव्यावरची नाचणीची भाकर त्याच बोटांनी उलटलेली. चुलीतला निखारा ती चिमटीत धरायची. त्या बोटांना चैत्राचं ऊन काय कळणार!

माझी आई जिवली शेजारी उभी होती. सासूपुढं कधी तोंड उघडलं नव्हतं, पण कढईची काच उचलताना तिला वाफ लागली होती. तांब्या कलला तशी तिनं बोलायच्या ऐवजी हातच मधे घातला. कोपरापासून मनगटापर्यंत पाणी पडलं. मग मात्र ती सासूवर ओरडली, "आत्या, पोर जलंल!"

माझ्या अंगावर थेंबही आला नाही. आईच्या हातावर फोड उठले. आजीनं त्यांच्यावर कोरफडीचा गर लावला आणि आपले पंजे उलटसुलट करून पाहत राहिली.

"माजा हात मेलाय गो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीतून बोलावणं आलं. आजी उठली नाही. "मी नाय येत. दुसरी बगा," एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच. सगळं आयुष्य ज्या कामावर मिरवलं, ते तिनं असं सोडलं.

चौथ्या दिवशी आईनंच कढई उन्हात मांडली. काचेवर ऊन अडवायला पळसाची चार पानं पसरली आणि वाफेला वाट म्हणून एका कडेखाली खडा ठेवला. दुपार चढली तशी आणखी दोन पानं टाकली. मग आपलं चांगलं कोपर पाण्यात बुडवून उभी राहिली.

"आता बेस हाय, आत्या. घ्या पोरीला."

आजी उठली आणि दगडावर पाय पसरून बसली. "तुजं कोपर सांगंल तवा मी तांब्या उचलीन," ती म्हणाली.

तेव्हापासून पोरं न्हाऊ घालायला दोघी मिळून जात. चैत्रात चार पानं, वैशाखात काच जवळजवळ सगळी झाकायची, भर दुपारी कढई पडवीच्या सावलीत सरकवायची, हे सगळं आईनं बसवलं. आजी मात्र ते स्वतःचंच म्हणून सांगायची. आई हसायची.

आजी गेली ती एकोणपन्नास सालच्या वैशाखात, सकाळीच. म्हसा गावाहून माझी आत्या, आजीची लेक, यायची होती, म्हणजे दुपार होणारच. शेवटच्या आंघोळीच्या पाण्यासाठी बापाच्या धाकट्या भावानं, कमळूकाकानं, अंगणात तीन दगड मांडले. आईनं त्याला चूल पेटवू दिली नाही. तिनं कढई आणली, काच ठेवली, वर पळसाची पानं पसरली.

आत्या आली. आईनं काच उचलली, बाही सारली आणि कोपर पाण्यात घातलं.

कमळूकाका हळूच म्हणाला, "वयनी, आता काय बगतेस? तिला काय समजतंय?"

आईनं कोपर काढलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "रंगू, तांब्याभर गार पानी आन गो. जरा कडक हाय."