जास्वंदीखालच्या चार ओळी

बॉटनीच्या जर्नलमध्ये डावं पान कोरं असतं, आकृतीसाठी. उजवं रेघांचं, मजकुरासाठी. आज प्रॅक्टिकलला एका मुलीनं कोऱ्या पानावर जास्वंदीचा उभा छेद काढला आणि खाली चार ओळींची कविता लिहिली. आमच्या विद्यापीठात आता विज्ञान आणि साहित्य एकत्र शिकता येतं. तरी तिनं भीत भीत विचारलं, "मॅडम, इथं लिहिलं तर चालेल ना?"

माझ्या सरांनी अशीच कविता पाहून माझं पान वर्गासमोर टरकन फाडलं होतं. "कविता करायच्या तर आर्ट्सला जा!" सगळा वर्ग हसला. तो राग मी टिपकागदात दाबलेल्या पानासारखा जपलाय. रंग उडाला, शिरा तशाच आहेत. लोक म्हणतात, काळ बदलला, सोडून द्यावं. का म्हणून? फाडणाऱ्याला विसरता येतं. मी मात्र अजून फूल दिसलं की आधी पाकळ्या मोजते, मग कुठं ते लाल दिसतं.

मुलगी उत्तराची वाट पाहत होती. तिचं आडनाव मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. आजोबा बॉटनीचे प्राध्यापक होते, असं तिनं कौतुकानं सांगितलंही होतं. तेच सर.

"चालेल की," मी म्हणाले. "फक्त घरी आजोबांना माझं नाव सांग, कविता मोठ्यानं वाचून दाखव आणि खाली त्यांची सही घेऊन ये."