खालची इंग्रजी ओळ

रायपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात हिरालाल रामटेक्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि तेवढ्या काळात त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. असा माणूस निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी साडेसातला दिवाणावर मांडी ठोकून जपानी प्रेमाची मालिका बघतो आणि खदाखदा हसतो, हे पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुणाला सांगून पटलं नसतं.

हे खूळ लावलं त्यांच्या मुलीनं. दीपमाला रायपुरातच तेलीबांध्याला विम्याच्या ऑफिसात होती. मालिकेची गोष्ट तिनं आधी मोबाईलवर जपानी चित्रकथेत वाचली होती, मग त्या चित्रकथेचीच मालिका आली. बोलणं सगळं जपानी, खाली इंग्रजी ओळी. हिरालालांना इंग्रजी वाचता येई, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे त्या ओळी त्यांना नुसत्या पांढऱ्या रेघा दिसत. मग दीपमाला शेजारी बसून अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत एकेक ओळ सांगायची.

मालिकेतला नायक पावाच्या दुकानाचा मालक. दुकानातल्या बॉबकटवाल्या पोरीवर त्याचा जीव, पण मनातलं बोलायला गेला की त्याला उचकी लागे. नऊ भाग झाले तरी गडी उचकीतच.

“अरे पोट्ट्या, पानी पी न आधी! अन् टाक बोलून!” हिरालाल टीव्हीवर ओरडायचे.

आता दुसऱ्याला असं ओरडणं सोपं असतं.

त्याच सुमारास दीपमालाचं लग्न ठरलं. मुलगा अश्विन, भिलाईचा, हिरालालांच्या जुन्या सोबत्याचा. विषय हिरालालांनीच काढला होता. मुलात खोट काढायला जागा नव्हती. बघायला अकरा माणसं आली. चिवड्याच्या बश्या फिरल्या आणि हिरालालांनी भर बैठकीत विचारलं, “काय बेटा, पसंत आहे न?” दीपमालानं खाली बघत मान हलवली. आपण मुलीला विचारून लग्न ठरवलं, याचा हिरालालांना केवढा अभिमान! आपल्याला तर कुणी विचारलंही नव्हतं, असं ते चारचौघांत सांगत सुटले. अकरा जणांसमोर मान हलवण्यावाचून पोरीला दुसरं काय करता आलं असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

मग डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दुसऱ्या डोळ्यातले थेंब बंद झाले त्या दिवशी त्यांना समोरच्या गच्चीवरच्या टाकीचं नावसुद्धा स्वच्छ वाचता आलं. घरी मात्र ते म्हणाले, “थोडं धूसरच आहे अजून.” दिसतं म्हटलं असतं तर पोरीनं वाचणं बंद केलं असतं, आणि लग्नाआधीचे हे थोडे दिवस त्यांना सोडवेनात. खोटं एवढंच होतं.

त्या संध्याकाळी बॉबकटवाली गिऱ्हाइकाशी बोलत होती. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, पाव संपले, उद्या या. दीपमाला म्हणाली, “वो बोल रही है, मला ‘हो’ म्हणायचं नव्हतं. पण सगळे बघत होते.”

हिरालालांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पाव संपले होते, दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. नायिका सायकलला कुलूप लावत होती आणि दीपमाला सांगत होती, “मुलगा वाईट नाही म्हणते. पण त्याच्यासोबत जिंदगी काढायचा विचार केला की मेरा जी घबराता है.” आवाज अगदी रोजचा. नजर टीव्हीवर.

एवढी शिकलेली, कमावती पोर, आणि तिला बापाशी बोलायला जपानी बाईचं तोंड उसनं घ्यावं लागावं! त्यांना रडू येत होतं. तिला जवळ घ्यावं, सांगावं की मी आहे. पण पुढे काय? साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेलं. पत्रिका नागपूरपर्यंत पोचलेल्या. सोबत्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? एकदा त्यांनी बायकोजवळ विषय काढून पाहिला.

“शांता, पोरीच्या मनात नसंन तं?”

“अवो, आता काहून असं बोलून राहिले?” शांताबाई घाबरून म्हणाल्या. “लोक काय म्हनतीन?”

मग हिरालाल दिवसभर भिलाईला फोन लावायचं ठरवायचे, नंबर काढायचे, मोबाईल खिशात घालायचे. आणि परवा तर पिशवी घेऊन स्वतः भनपुरीला उरलेल्या पत्रिका वाटून आले. पाय घेऊन गेले, दुसरं काय म्हणायचं!

लग्नाला आठ दिवस उरले. संध्याकाळी बॉबकटवाली पुलावर उभी होती. खाली लिहिलं होतं, छत्री बसमध्ये विसरली.

दीपमाला हळू म्हणाली, “ती म्हणते, बाबांना माहीत नाही अजून. कळलं असतं तर त्यांनी काहीतरी केलं असतं.”

हे मात्र हिरालालांना सोसलं नाही. पडद्याकडे बोट करून ते इंग्रजी ओळीतला एकेक शब्द मराठीत सांगत गेले. “छत्री. बसमध्ये. विसरली.” मग म्हणाले, “असं लिवलं आहे, बेटा. मले दिसते.”

आपण सगळं ऐकलं आहे, एवढंच त्यांना तिला कळवायचं होतं. दीपमाला त्यांच्याकडे वळली.

“कब से, बाबा?”

“थेंब बंद झाले तवापासून.”

“म्हणजे तीन आठवडे. और परसों आप भनपुरी में कार्ड देके आए.”

टीव्हीत उचकीवाला धावत पुलावर येत होता.

दीपमाला रागावली नाही. रागावली असती तर त्यांनी निदान हात जोडले असते. तिनं रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला.

“अब आप खुद पढ़ लो, बाबा,” ती म्हणाली, आणि आतून शांताबाई साड्या दाखवायला हाक मारत होत्या, तिकडे गेली.