सातव्या भागातला गाडीवान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि वालूरच्या हॉटेलात ज्या टोळक्यापुढं माझं तोंड कधी बंद म्हणून राहिलं नाही, त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका — मला तरी कुठं धड माहीत आहे?

आधी माझा स्वभाव सांगून टाकतो. मी फेकतो. आमच्या शेतात निघालेली धामण मी सांगेस्तोवर अजगर झालेली असते, आणि दुसऱ्यांदा सांगेस्तोवर तिनं वासरू गिळलेलं असतं. लोक हसतात, चहा पाजतात. यात कुणाचं काय जातं? — असं मी उभा जन्म समजत आलो.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या शिवारात एका हिंदी मालिकेचं शूटिंग झालं. मालिकेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही आत्ताच जाऊन बघाल. तिच्या सातव्या भागात नायक बैलगाडी घेऊन भरल्या नदीत घुसतो आणि पलीकडे निघतो. नायक मुंबईचा. त्याला बैलाच्या शेपटीचीसुद्धा धास्ती. मग त्याचा फेटा न् कोट गावातल्या एका माणसाच्या अंगावर चढवला आणि कॅमेरा मागून लावला. पडद्यावर फक्त पाठ दिसते. शेवटच्या पाटीवर नाव नाही, 'ग्रामस्थांचे आभार' एवढंच.

पाणी खरं तर कमरेइतकं होतं. पण हॉटेलात मी सांगायला लागलो तसं ते दर वर्षी हातभर चढत गेलं. शेवटी शेवटी तर त्यात मगर आली, आणि बैलानं तिला शिंगावर घेतली. आणि गाडी हाकणारा तो वाघ कोण? — माझे वडील!

इथवर ठीक होतं. हॉटेलातली गोष्ट हॉटेलात राहते. पण मी सेलूच्या एका कॉलेजात ग्रंथालयाचा कारकून. तिथं कुणीतरी येऊन आम्हाला इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात लिहायला शिकवलं. बघतो तर त्या मालिकेच्या एकेका भागावर स्वतंत्र लेख! मी 'शिवारकर' असं टोपणनाव घेतलं आणि सातव्या भागाच्या लेखात एक ओळ घातली : गाडी हाकली ती अमुक गावच्या अमुक रावांनी. वडिलांचं अख्खं नाव. चार दिवस मी जमिनीपासून वीतभर वर चालत होतो.

पाचव्या दिवशी ओळ गायब. कारण लिहिलेलं : 'संदर्भ नाही.' मी परत घातली. परत काढली. आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी एका नव्याच खात्यानं त्या जागी दुसरं नाव लिहिलं. सोबत टीप : 'ते माझे बाबा होते. मी काठावर उभी होते.'

वाचलं आणि मी ते पान झटकन बंद केलं. कारण — आता आलोच आहे इथपर्यंत — ती खरं बोलत होती.

किसनकाका आमचे सालगडी. सुनंदा त्यांची लेक, आता बोरीला शिक्षिका आहे. त्या दिवशी नदीत गाडी घातली ती किसनकाकांनी. माझे वडील परभणीला दाढ काढायला गेले होते. मी काठावर सुनंदाच्या शेजारीच उभा होतो. गाडी पलीकडे चढली तेव्हा आम्ही दोघं एकाच वेळी ओरडलो. बैल आमचे होते, गाडी आमची होती. आमचं म्हणावं ते तेवढंच.

तेव्हाच गप बसता आलं नसतं का?

ज्ञानकोशाचा कायदा असा की डोळ्यांनी बघितलेलं चालत नाही, छापलेलं लागतं. हा कायदा चर्चेच्या पानावर सुनंदाला मीच शिकवला. किती अदबीनं! 'ताई, आपल्या भावना समजू शकतो. परंतु वैयक्तिक आठवण हा संदर्भ होऊ शकत नाही.' आणि माझ्याकडं तरी छापलेलं काय होतं? नव्हतंच. ते मी छापून आणलं.

आमच्याकडं माणूस गेला की वर्षाच्या वर्षाला गावच्या साप्ताहिकात पुण्यस्मरणाचा मजकूर देतात, फोटोसकट. मजकूर घरच्यांनीच लिहायचा. संपादक फक्त फोटो उलटा लागला नाही ना, एवढं बघतो. त्या वर्षी वडिलांच्या पुण्यस्मरणाला मी अर्धं पान लिहिलं. नदी, फेटा, गाडी, सगळं. (मगर तेवढी गाळली.) वर टाकलं : 'आमच्या प्रतिनिधीकडून'. मग अंक, पान, कात्रण — सगळं रीतसर ज्ञानकोशात जोडलं. मेलेल्या माणसाच्या पुण्यस्मरणावर कोण शंका घेणार? ओळ पक्की झाली. सुनंदानं तीनदा बदलली, तर 'संपादनयुद्ध' केलं म्हणून तिचं खातं आठवडाभर बंद पडलं. तक्रार कुणी केली होती, हेही सांगायलाच हवं का? मी.

पुढच्याच महिन्यात ती ग्रंथालयात आली. टेबलासमोर उभी.

"दादा, त्या पेपरवाल्यानं कायतरी घोळ केलाय बघा. तुमच्या वडलाचं नाव घातलंय. तुमी तर होतात की माझ्या बाजूला! दोन ओळी लिहून द्या तेवढ्या."

दार तिनं सताड उघडून दिलं होतं. पेपरवाल्यावर ढकलून मला मोकळं होता आलं असतं. ती मुद्दाम तसं बोलली का? आजही ठरवता येत नाही.

मी म्हणालो, "बघतो."

"बघाच. बाबाला एकदा मोबाईलवर नाव दाखवायचं होतं, बाकी काय न्हाई. आता तर ते म्हणायलेत, पेपरात आलंय म्हणल्यावर मीच इसरलो असंल. मालकच असतील."

त्या दिवशी मी ती ओळ स्वतः पुसली. दोन मिनिटांत कुणीतरी परत लावली : 'संदर्भ असलेला मजकूर विनाकारण काढू नये.' परत पुसली. परत लावली, आणि मलाच तंबी मिळाली. ओळ कायमची काढायचा एकच रस्ता — तो मजकूर मीच लिहून दिला होता, असं स्वतःच्या खऱ्या नावानं सांगायचं. ते मी केलेलं नाही. उलट दिवसातून वीसदा ते पान उघडून बघतो, कुणाला सुगावा तर लागला नाही ना. हॉटेलात कुणी म्हणालं, "अन् मग ती मगर?" की मी कपातच बघत बसतो.

गेल्या रविवारी पेडगावला गेलो. किसनकाका तिथं थोरल्या लेकाकडं असतात. सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. मला बघून ते बाजेवरून उठायला लागले.

"या, धाकले मालक. बसा. लय आठवण येते बघा मालकाची. काय गाडी घातली होती त्यायनी! मधी गेल्यावर डाव्या बैलानं मान फिरवली. खाली वाळू सरकायली. आता कासरा ढिला सोडला तर गाडी पलटी, अन् आवळला तर बैल बसतो. मग जरासाच, असा…"

असा म्हणजे कसा, ते त्यांच्या हातांनी करून दाखवलं. बोटं आपोआप मिटली. डावा हात छातीशी आला, उजवा पुढं गेला.

"असाच वढला असंल न्हाई मालकानं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "हो काका. असाच."

सुनेनं चहा आणला. तो मी प्यालो आणि परत आलो. ओळ अजून तिथंच आहे.