दोर कोणी धरायचा

संकटात आपला दोर धरायला जिवाभावाचं माणूस लागतं, असं थोर लोक सांगतात. सत्तरच्या दशकात आमच्या आष्टीच्या कापसाच्या जिनिंगवर विम्याचा एक तपासनीस आला होता, त्याला हे मान्य नव्हतं. छपराचे पत्रे वादळानं उडाले, असा शेठचा दावा होता. छप्पर इतकं उतरतं, की त्यावर कावळाही जपून बसायचा.

तपासनिसानं कमरेला रुंद पट्टा आवळला, दोर आढ्यावरून पलीकडे टाकला आणि शेठना म्हणाला, "दुसरं टोक तुम्ही धरा."

"एवढे गडी हायेत की, साहेब!"

"गड्याला माझ्या सहीचं काय? ती व्हायची हाय अजून. तुम्ही बिलकुल सोडायचे न्हाई."

कडक इस्त्रीच्या धोतरातले शेठ कडुनिंबाला दोराचा वेढा देऊन घाम गाळत उभे राहिले.

"नुकसान दिसलं का, साहेब?"

"बराबर दिसून राह्यलं!" वरून उत्तर आलं.

मी तिथला कारकून. एका माणसाचा जीव दुसऱ्यानं इतक्या मनापासून जपलेला मी पुन्हा पाहिला नाही.

खाली उतरून त्यानं पट्टा सोडला, चहा संपवला आणि मगच निकाल सांगितला. विमा वादळाचा होता; पत्रे गंजानं गेले होते.