मणिचनची बुटकी कपाटं

माझ्या बायकोसमोर तोंड उघडायचं म्हणजे पुरावा घेऊनच बसावं लागतं. ‘उद्या नदीचं पाणी चढणार,’ एवढं मी म्हटलं की भाताची टोपली माझ्यापुढे सरकवत ती विचारणार, “कुणी सांगितलं?” मी म्हणणार, नावाड्यानं. “त्याला कुणी सांगितलं?” आता नावाड्याला कोण सांगणार, कपाळ माझं! मग मी मुकाट्यानं चिकट भाताचा गोळा वळतो, मिरचीच्या ठेच्यात बुडवतो आणि गप्प बसतो. मणिचन तिचं नाव. गावच्या शाळेत दुसरीला शिकवते आणि वाचनालय सांभाळते. मी थोंगसी, गावचा सुतार. आमच्याकडे धाकटी मुलगी बापाचं घर सांभाळते आणि नवरा तिच्याकडे नांदायला जातो. मीही गेलो, आणि बरा नांदतोय.

वाचनालय म्हणजे मोठं काही नव्हे. मुख्याध्यापकांच्या शेजारची खोली आणि तिच्यात छताला टेकलेली, काचेच्या दारांची दोन सागवानी कपाटं. राजधानीतल्या कुणा भल्या माणसांनी पुस्तकं पाठवली होती, रंगीत चित्रांची, छान गुळगुळीत. ती आली त्या दिवशी गावानं फुलं वाहिली, पुस्तकं सगळ्यात वरच्या फळ्यांवर चढवली आणि कुलूप लावलं. मुलं काचेबाहेरून हात जोडायची आणि निघून जायची. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं हो. आमच्याकडे एकेक अक्षर म्हणजे बुद्धाची एकेक मूर्ती. पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही, ओलांडायचं तर नाहीच नाही. आम्ही सगळे हेच ऐकत मोठे झालो.

त्या कुलपाची किल्ली कुणालाच नको होती. पुस्तक हरवलं तर जबाबदारी कोण घेणार? मुख्याध्यापकांनी ती मणिचनच्या हातात ठेवली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी तिचा मला निरोप आला, करवत घेऊन ये.

मी गेलो तर बाई खोलीच्या मधोमध गुडघ्यांवर उभी, एक हात वर ताणलेला. “सहा वर्षांच्या पोरीचा हात इथपर्यंत पोचतो. खूण कर आणि काप.”

“अगं, नवंकोरं सागवान आहे!”

“तुझ्या बापाचं आहे? काप म्हणते ना.”

कापलं. दोन उंच कपाटांची चार बुटकी कपाटं झाली, कुलपं माझ्या पेटीत जमा झाली. सुताराच्या जिवाला काय यातना झाल्या ते माझं मला माहीत. पण आठवड्याभरात त्या खोलीत चटयांवर पोरं पालथी पडून वाचताना दिसायला लागली, पाय हवेत, हनुवट्या तळव्यांवर. खिडकीतून बघताना मलाच पुन्हा पहिलीत बसावंसं वाटलं.

मग तिनं पोरांना प्रश्न विचारायला लावलं. उत्तरं नव्हेत हं, प्रश्न. ज्याला जे पडेल ते. आधी पुस्तकात शोधायचं, नाही सापडलं तर जाणत्या माणसाकडे जायचं, आणि माणसानं सांगितलेलं जमेल तिथे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. झालं, गावाला ताप सुरू! शेवयांचं सूप विकणारी जाडी वानी तर पोरं दिसली की भांड्यावर झाकण ठेवायची. “तुझ्या बायकोला आवर बाबा,” ती मला म्हणाली. “एक कार्टं विचारतं, रस्सा गोड कशानं होतो. मी म्हटलं, हाडांनी. तर म्हणतं, दाखवा हाडं!”

हे सगळं गोडीगुलाबीनं चाललं असतं. पण माझ्या सासऱ्यांचं एकदा शाळेत काम निघालं.

सासरे म्हणजे आचान खामफुय; आचान म्हणजे आमच्याकडे गुरुजी. तरुणपणी भिक्खू होते. पुढे चीवर उतरवून संसाराला लागले, पण विहार काही सुटला नाही. गावात मूल जन्मो की माणूस जावो, मंत्र म्हणायला तेच. त्यांच्या शब्दापुढे गाव जात नाही. पोरीवर जीव, पण ते तोंडानं कधी बोलायचे नाहीत. तर ते मुख्याध्यापकांना भेटायला आले आणि जाता जाता वाचनालयाच्या दारात थांबले. जमिनीवर पुस्तकंच पुस्तकं. तेवढ्यात नावाड्याची दाला, आठ वर्षांची, मैत्रिणीला माशाचं चित्र दाखवायला उठली आणि टुणकन उडी मारून एका उघड्या पुस्तकावरून पलीकडे गेली. त्यांच्या डोळ्यांदेखत!

सगळी पोरं जागच्या जागी थिजली. सासऱ्यांनी वाकून ते पुस्तक उचललं, कपाळाला लावलं, खिडकीवरच्या फळीवर ठेवलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी जेवताना ते एवढंच म्हणाले, “ती कपाटं बंद कर.”

“नाही करणार, बाबा.”

त्यानंतर दोघांनी बोलणं टाकलं. जेवायला एकाच पाटाभोवती बसायचे, आणि मी त्यांच्यातला टपालवाला. “जावई, तिला सांग, माशात मीठ कमी आहे.” ती हातभर अंतरावर. “थोंगसी, त्यांना सांग, मीठ पुढ्यातच आहे.” मी मीठ उचलून द्यायचो. हसावं की रडावं ते कळेना.

गावानं अर्थातच आचानांची बाजू घेतली. आया पोरांना वाचनालयात पाठवेनात. मग आमचा गावप्रमुख, नायबान, घरी येऊन सांगून गेला, की येत्या पौर्णिमेला पूजेनंतर विहारात सभा होईल. आचान म्हणतील तर पुस्तकं पुन्हा वर चढतील, कुलूप लागेल आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे जाईल. आचान काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं.

त्या दुपारी मी मणिचनला न्यायला शाळेत गेलो. रिकाम्या खोलीत ती एकटीच फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसली होती. डोळे भरलेले.

“वर गेली की ती मरतात रे, थोंगसी,” ती म्हणाली. “आणि खाली राहिली तर बाबा मला पुन्हा हाक मारणार नाहीत.”

मी शेजारी बसून खळीचं भांडं धरलं. तेवढ्यात दारातून मुसमुसण्याचा आवाज आला. दाला होती. तोंड सुकलेलं, दोन दिवस धड जेवली नव्हती म्हणे.

“बाई, मला पाप लागलं का?”

‘नाही गं बाळा’ म्हणून तिला जवळ घ्यावं की नाही? पण आमच्या बाईसाहेब! तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, “मला नाही माहीत, दाला. आपण शोधू.” दोघींनी पुस्तकं चाळली. कुठेच काही नव्हतं.

“मग आता जाणत्या माणसाला विचार.”

“कुणाला, बाई?”

“गावात ज्यांना सगळ्यात जास्त ठाऊक आहे त्यांना. सोबत येऊ?”

दालाचा चेहरा पांढरा पडला. पण तिनं मान हलवून नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, ताटलीत फुलं आणि मेणबत्त्या घेऊन. मोठ्यांची क्षमा मागायला आम्ही असंच जातो. सासरे वर ओसरीत बसले होते आणि मी घराखाली खांबांच्या मधे रंधा मारत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

“आजोबा, चुकलं माझं.”

म्हातारा विरघळला. “अजाणता झालं, पोरी. गेलं ते. जा, खेळ.”

पोरगी हलेना. “आजोबा, पुस्तक वर ठेवायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

माझा रंधा थांबला.

“काय म्हणालीस?”

“बाईंनी सांगितलंय असं विचारायला. म्हणजे तुम्हाला एकट्याला नाही, सगळ्यांनाच.”

“जावई!” वरून आवाज आला. “ऐकतोयस ना? घरोघरी एकेक मणिचन तयार होतेय!”

“ऐकतोय, बाबा. मी एकीलाच पुरा पडत नाही.”

पण त्यांनी तिला हाकललं नाही. माझ्या गुरूंनी सांगितलं, म्हणाले. गुरूंनीच लोखंडी टोकानं ताडपत्रावर अक्षरं कोरायला शिकवलं. मग आवाज जरा खाली आला. आई गेली तेव्हा तिच्या नावानं मी एक अख्खी पोथी कोरली, म्हणाले, बोटं सोलून निघाली होती. ती विहाराच्या पोथीघरात आहे, वर, रेशमात गुंडाळलेली.

“मी बघू?”

“ती बघायची नसते. ती असते.”

“मग तिच्यात काय लिहिलंय ते कुणाला कळतं?”

मग जिन्यावर पावलं वाजली. “जावई, छिन्नी घे. पेटीचं झाकण घट्ट बसलेलं असेल.”

पोथीघर उंच खांबांवर आहे, शिडी लावून चढावं लागतं. मोठे भिक्खू, आम्ही त्यांना साथू म्हणतो, ते बाजूला उभे राहिले. मी छिन्नीनं झाकण उचकटलं. वरचं रेशीम तसंच्या तसं, लाल, सोनेरी काठाचं. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी ते गाठोडं उचललं आणि त्यांचा चेहरा बदलला. फार हलकं लागलं असावं. गाठ सोडली तर मांडीवर भुगा ओतला गेला. वाळवी! पेटीच्या बुडातून शिरली होती. मधली थोडी पानं तेवढी शिल्लक होती, तीही कडांनी खाल्लेली.

“आजोबा,” दाला हळूच म्हणाली, “इतकं वर ठेवूनसुद्धा?”

सासरे तो भुगा तळहातानं गोळा करत राहिले. एवढा ताठ माणूस, पण त्या दिवशी शिडी उतरताना मला त्यांना धरावं लागलं.

मी धावतच शाळेत गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. सांगता सांगता मला चेवच आला. “जिंकलीस तू! पौर्णिमेला फक्त उभी राहा आणि विचार, वर ठेवून काय झालं ते.”

ती माझ्यावर अशी उसळली! “लाज नाही वाटत? माझ्या आजीच्या नावाची पोथी गेलीय, थोंगसी. बाबांनी बोटं सोलून कोरलेली. आणि ती मी भर सभेत नाचवू? लागू दे कुलूप. तू पण तोंड उघडलंस तर बघ.” आणि मग माझ्या खांद्यात तोंड खुपसून ढसाढसा रडली, वाचनालयासाठी नाही, बापासाठी. माझी मलाच शरम वाटली.

पौर्णिमेला अख्खं गाव विहारात जमलं. पुरुष पुढे, बायका मागे. मणिचन अगदी शेवटी, दाराशी बसली, नजर जमिनीवर. दालाला मी डोळ्यांनीच दाबून ठेवलं होतं. नायबाननं घसा खाकरून विचारलं, “आचान, पुस्तकांचं काय करायचं?”

सासरे उठायला वेळ लागला.

“मी एक पोथी कोरली होती,” ते म्हणाले. “आईसाठी. सगळं आयुष्य ती वर ठेवली, खाली एकदाही काढली नाही. परवा उघडली. तिला फक्त वाळवीनं वाचलं होतं, आणखी कुणीही नाही.” त्यांनी सभेवरून नजर फिरवली. “पुस्तकं खालीच राहू देत. पोरांचा हात लागू दे. पण अक्षराखाली काहीतरी अंथरा रे बाबांनो, एवढं करा.”

मग मागून जाड्या वानीचा आवाज आला, “अंथरायला काय तोटा? इथं घरोघरी माग आहेत. पण पोरांनी माझ्या भांड्यात डोकावायचं नाही, सांगून ठेवते!” अख्खा विहार हसला. मणिचन हसली नाही. ती पदर डोळ्यांना लावून बसली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत जिकडेतिकडे विणलेले तुकडे, निळे, तांबडे, चौकड्यांचे. मी एका कपाटाची फळी ठोकत होतो. मुलं परत आली होती आणि नेहमीचा कलकलाट होता. अचानक सगळ्यांनी माना वळवल्या. दारात सासरे, छातीशी एक पुडकं धरून.

ते आत आले, पोरांच्या मधे जमिनीवर मांडी घालून बसले. खांद्यावरचं उपरणं काढलं, अंथरलं आणि त्यावर वाळवीतून उरलेली पानं एकेक करून मांडली. मग बोलणं टाकल्यापासून पहिल्यांदा त्यांनी लेकीला हाक मारली.

“मणिचन, ये. ह्यांना वाचून दाखव. मला आता बारीक दिसत नाही.”

ती जवळ आली, पानांकडे बघितलं आणि तशीच उभी राहिली.

“मला नाही येत वाचता, बाबा.”

“तुला? तू तर सगळं वाचतेस!”

“हे विहारातलं अक्षर, शाळेतल्यापेक्षा वेगळं. तुम्ही मुलग्यांनाच शिकवायचात. मी बाहेर पायरीशी उभी राहून ऐकायचे. ऐकून तोंडपाठ झालंय बरंचसं. पण अक्षरं कधी बघितलीच नाहीत.”

तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. मी हातोडी खाली ठेवली. सासऱ्यांनी शेजारच्या पोरांना हातानं बाजूला सारलं आणि आपल्या समोरची जागा मोकळी केली.

“उभी नको राहूस, पोरी,” ते म्हणाले. “ये. पुढे बस.”