भांड्यांना पाणी पाजायचं राहिलं

पहिला आवाज झाला तेव्हा गिरणीमालक शेठजींच्या हातात चहाची बशी होती. टक्. कुणी लक्ष दिलं नाही. ट्रस्टचे सेक्रेटरी जोगळेकर साहेब यांचं भाषण चालू होतं. मग दुसरा आवाज झाला. या वेळी नखाएवढी एक लाल खपली उडाली, हवेत गिरकी घेतली आणि सरळ शेठजींच्या बशीत पडली.

शेठजींनी आधी बशीकडे पाहिलं. मग छताकडे. मग माझ्याकडे.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मुंबईच्या आर्ट स्कूलमधून सिरॅमिक शिकून आले होते आणि मातीतलं मला सगळं कळतं असं माझं ठाम मत होतं. ते मत मी पुढच्या अर्ध्या तासात मागे घेतलं. त्याची ही हकीकत.

आजकाल याला रेसिडेन्सी म्हणतात. कलाकाराला काही महिने राहायला खोली देतात, कामाला स्टुडिओ देतात, भट्टी देतात आणि म्हणतात, कर तुला काय करायचं ते. माझी नात मातीकामच करते. महिन्याला एक तरी असा फॉर्म ती भरत असते. आमच्या वेळी सोलापुरात हा शब्द कुणी ऐकला नव्हता, पण गोष्ट होती. एका कापड गिरणीच्या ट्रस्टने गिरणीमागचं रिकामं गोदाम यासाठी दिलं होतं. अट अशी की एक शिकलेला कलाकार आणि एक कुंभाराचं घर, दोघांनी तिथे एकत्र काम करायचं, आणि माती सोलापूरचीच वापरायची. सहा महिन्यांनी कमिटी काम बघणार. पसंत पडलं तर गोदाम कायमचं मातीकामाला. नाही पडलं तर तिथे सुताचं वेस्ट ठेवणार. वीव्हिंगचे मॅनेजर त्या आशेवर दर शनिवारी टेप घेऊन यायचे आणि गोदामाची लांबी मोजून जायचे. गोदाम दर आठवड्याला लांब होतं की काय, देव जाणे.

शिकलेला कलाकार मी. कुंभाराचं घर म्हणजे सिद्राम आणि त्याची आई नागव्वा. दोघं मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, माझ्याशी मराठी. याआधी ते एका बोळात उघड्यावर काम करत. वळीव आला की कच्ची भांडी उचलून पळायचं, त्यात निम्मी जायची. गोदामात डोक्यावर पत्रा होता, बाहेर नळ होता, आवा लावायला मोकळी जागा होती. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. भांडी रचायची, मध्ये गोवऱ्या आणि पाचट भरायचं, वर राख लिंपायची आणि पेटवायचं. सिद्राम एकदा पत्र्याकडे बघत म्हणाला होता, "बाई, ह्यो पत्रा ऱ्हायला पायजे बगा." मी म्हटलं, "राहील. माझं काम बघून कमिटी गार होईल."

कमिटी गार झाली, ते पुढे येईलच.

माझं काम म्हणजे चाळीस उंच, लांब मानेच्या आकृत्या. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सगळ्यांनी सोसला होता, अजून टँकर फिरत होते, आणि मी मालिकेला नाव दिलं होतं ‘तृष्णा’. तृष्णा क्रमांक एक ते चाळीस. भांड्यासारख्या दिसायच्या, पण वरून बंद. तहान कधी भागत नाही, असा त्यातला अर्थ. नागव्वाने पहिली आकृती हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"तोंड कुटं हाय गं हिला?"

"तोंड नाही. ही तृष्णा आहे, नागव्वा."

"असंल. पर पानी कुटनं घालायचं?"

मी सिद्रामकडे पाहून हसले. बिचारीला आधुनिक कला कळत नाही, असं ते हसणं होतं. त्या हसण्याचा फोटो कुणी काढला नाही, हे माझं नशीब.

एप्रिलात आम्ही एकच आवा लावला. खाली त्यांचे माठ आणि कुंड्या, वर माझ्या चाळीस तृष्णा. माती एकच, आटलेल्या तळ्यातून सिद्रामने गाढवावर आणलेला गाळ. कॉलेजात माती पोत्यातून यायची, पांढरीशुभ्र, दुकानातल्या मैद्यासारखी. मी तळ्याचा गाळ चाळणीतून चाळून घेतला आणि समजले, झाली तशीच.

आवा उघडला तेव्हा नागव्वाने आधीच सिमेंटचा हौद काठोकाठ भरून ठेवला होता. काठाला हळदीकुंकू लावलेलं. तिने राखेतून पहिला माठ ओढला. हाताला कसाबसा सोसवेल इतका गरम होता. तो तिने तसाच हौदात बुडवला. चर्रर्र झालं, बुडबुडे आले. मी किंचाळलेच.

"हे काय करताय?"

"पानी पाजतोय."

"भांड्याला?"

"व्हय. पैलं पानी. गरम हाय तवर पाजायचं. माजी सासू पाजायची, तिची सासू पाजायची. आत खडा असतोय, त्यो..."

"नागव्वा, थांबा," मी म्हणाले. आणि भाषण सुरू केलं.

त्या भाषणाचा मसुदा आज माझ्याजवळ नाही, पण मुद्दे आठवतात. बाहेर बायका टँकरपुढे घागरींची रांग लावतात. सांगोल्याकडे माणसं पाण्यासाठी कोसभर चालतात. आणि इथे चांगली भाजलेली, कोरडी खडखडीत भांडी पाण्यात बुडवायची? वर हळदीकुंकू? ही अंधश्रद्धा आहे. विज्ञान काय सांगतं... विज्ञान काय सांगतं ते मला माहीत नव्हतं, पण त्यामुळे मी थांबले नाही. सिद्राम खाली मान घालून टोपीची घडी घालत राहिला. नागव्वा हात पाण्यात ठेवून शेवटपर्यंत ऐकत होती.

"झालं का, पोरी?" ती शेवटी म्हणाली. "भांडी गार व्हाया लागली."

"माझ्या कामाला पाण्याचा थेंब लावायचा नाही."

"बरं," नागव्वा म्हणाली. तिने माझ्या चाळीस तृष्णा बाजूला नीट मांडून ठेवल्या आणि आपली भांडी बुडवायला लागली.

पुढचे आठ दिवस तृष्णा गोदामात उभ्या होत्या. काय रंग आला होता! विटकरी, त्यावर धुराचे काळे पट्टे. एकदा दुपारी टक् असं काही ऐकू आलं. मला वाटलं, पाल.

प्रदर्शन गिरणीच्या हॉलमध्ये होतं. हा हॉल लूम खात्याला लागून. कापड गिरणीची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. सूत कोरडं पडलं की तटातट तुटतं. म्हणून लूम खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवतात. छताला पाइप असतात, त्यातून पाण्याचे बारीक तुषार उडत राहतात. गिरणीची विहीर स्वतःची होती, तेव्हा दुष्काळातही हवेला पाणी मिळत होतं. त्यावर मी भाषण केलं नव्हतं. उलट दोन खात्यांमधलं दार मीच उघडं ठेवायला लावलं. एप्रिलच्या सोलापुरात इतकी मऊ हवा! चाळीस तृष्णा त्या हवेत दोन दिवस, दोन रात्री उभ्या राहिल्या.

तर, शेठजींच्या बशीत खपली पडली.

त्यानंतर थांबलंच नाही. टक्. टक्, टक्. तृष्णा क्रमांक सातचा गाल गेला. अकराची मान खवल्यासारखी सोलली. तेवीसच्या पोटातून पैशाएवढा तुकडा उडाला आणि कमिटीतल्या एका बाईंच्या पदरात बसला. त्यांनी ‘अगंबाई’ म्हणून पदर झटकला. जोगळेकर साहेब ‘परंपरा आणि नवता यांचा संगम’ या वाक्यावर अडकून उभे होते. मी नुसती मोजत होते. प्रत्येक उडालेल्या खपलीच्या जागी एक खड्डा, आणि प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध मोहरीएवढा पांढरा ठिपका.

दारात वीव्हिंगचे मॅनेजर आले होते. टेप घेऊन.

जोगळेकर साहेबांनी मला बाजूला ओढलं. "काय प्रकार आहे हा?"

"माती," माझ्या तोंडून निघालं. "इथली मातीच खराब आहे सर. मुंबईच्या मातीला असं कधी झालं नाही."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मग प्रश्नच मिटला. मिनिट्समध्ये तसं लिहू. स्थानिक माती कामाची नाही, सबब योजना बंद. तुमच्यावर ठपका नाही. सर्टिफिकेट मिळेल तुम्हाला."

मी मान हलवली. हो, हलवली. पंचाहत्तरी उलटल्यावर खोटं कशाला लिहू? सर्टिफिकेट घेऊन मी मुंबईला जाणार होते. पत्रा सिद्रामच्या डोक्यावरून जाणार होता. तो चार हातांवर उभा होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. टोपीची घडी उलगडून त्याने ती डोक्यावर घातली, निघणारा माणूस घालतो तशी.

नागव्वा कोपऱ्यात होती. तिची भांडी प्रदर्शनात नव्हती. तिचा एक माठ ‘पाहुण्यांसाठी पिण्याचे पाणी’ म्हणून ठेवला होता. त्यातून फुलपात्र भरून ती शेठजींपुढे गेली.

"चा नासला न्हवं? पानी घ्या, मालक."

शेठजी प्यायले. फुलपात्र परत देताना त्यांची नजर माठावर गेली. उठून त्यांनी माठावर तळहात फिरवला. गुळगुळीत.

"हा कुणी केला?"

"आमीच की."

"माती कुठली?"

"हीच. तळ्याची."

"आणि भाजला कुठे?"

"बाईंचं सामान ज्या आव्यात, त्याच आव्यात. त्यांचं वर, आमचं खाली."

हॉलमध्ये टक्, एवढाच आवाज. शेठजी माझ्याकडे वळले. "मग हा का फुटत नाही?"

नागव्वाला उत्तर माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदराने हात पुसत गप्प उभी राहिली. ती बोलली असती तर मी पुन्हा काहीतरी सारवासारव केली असती, याची मला खात्री आहे. त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बघता बघता मला लहानपणीची दिवाळी आठवली. घराला रंग द्यायला आणलेला कळीचा चुना वडील पत्र्याच्या डब्यात टाकायचे, वर पाणी ओतायचे, आणि तो तापून, फुगून, रटरटायचा.

सोलापूरच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. कितीही चाळा, राहतातच. भट्टीत भाजले की त्यांचा कळीचा चुना होतो. मग हवेतली ओल थोडी थोडी शोषून तो जागच्या जागी फुगतो आणि वरची माती ढकलून देतो. पण गरम असतानाच एकदम भरपूर पाणी मिळालं तर तो तिथेच विरघळून मऊ पडतो, कुणाला ढकलत नाही. आत खडा असतोय, त्यो... नागव्वाचं वाक्य एवढंच होतं. मी ते पुरं होऊ दिलं नव्हतं.

"त्या माठाला पाणी पाजलं होतं," मी म्हणाले. "माझ्या भांड्यांना मी पाजू दिलं नाही. मला ती अंधश्रद्धा वाटली. माती चांगली आहे. मी आत्ता साहेबांना खोटं सांगितलं."

शेठजींनी बशीतली खपली चिमटीत धरली, पांढरा ठिपका निरखला आणि जोगळेकर साहेबांना म्हणाले, "मिनिट्समध्ये ‘माती खराब’ लिहू नका. ‘कलाकार कच्चा’ लिहा."

तसंच लिहिलं गेलं. मी वाचलंय.

गोदाम राहिलं. मॅनेजरांनी टेप खिशात टाकली आणि पुन्हा कधी शनिवारी आले नाहीत. ट्रस्टने नागव्वाला ‘इन्स्ट्रक्टर’ म्हणून पत्र दिलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ते तिला मीच वाचून दाखवायचं होतं. त्यात दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की पुढील सहा महिने मी तिची विद्यार्थिनी. मी तो परिच्छेद जरा घाईत वाचला. नागव्वा म्हणाली, "त्ये मदलं परत वाच की."

पहिला महिना मी चाकाला हात लावला नाही. हौद भरला. बाहेरचा नळ उन्हाळ्यात कोरडा पडला होता, म्हणून गिरणीच्या विहिरीवरून दोन दोन घागरी, कंबर मोडेपर्यंत. तेव्हा आणखी एक धक्का बसला. भांडी पाजून झाली की हौदातलं पाणी नागव्वा फेकत नव्हतीच. त्यातच पुढची माती भिजत घालायची. एक थेंब वाया जात नव्हता. माझ्या त्या भाषणातला एकही मुद्दा शिल्लक राहिला नाही.

एकदा हौदाच्या काठावर बसून मी तिला विचारलंच, "नागव्वा, तेव्हा मला समजावून का नाही सांगितलंत?"

"सांगत व्हते की," ती म्हणाली. "तू भाशन करत व्हतीस."

तृष्णा क्रमांक सात माझ्या कपाटावर आहे, गाल गेलेली. नात परवा कुठल्याशा रेसिडेन्सीचा फॉर्म भरत होती. भट्टी किती डिग्रीची लागेल, वीज किती फेजची, खोली एकटीची की दोघींची, सगळे रकाने होते. मी म्हटलं, तिथे गेल्यावर पहिले पंधरा दिवस तोंड बंद ठेवेन, असंही लिही. ती म्हणाली, "आजी, तसा रकाना नाही."

नसू दे. समासात लिही म्हटलं.